एक दिवस, पाच माणसे, पाच ठिकाणे

घाटकोपरच्या माणसाला आगगाडीचे कौतुक काय सांगायचे! आमच्या घरातून रोज कोणी ना कोणी लोकलने जाते-येते. गाड्यांच्या वेळा आम्हाला नमाजाच्या वेळांइतक्याच तोंडपाठ आहेत. पण ही सगळी ये-जा कामाची. लांब पल्ल्याच्या गाडीत बसायचे ते गावी लग्न असेल, मय्यत असेल किंवा ईद असेल तेव्हा, आणि गाव म्हणजे रत्नागिरी. एखादे जुने शहर नुसते बघायला जावे, तिथले कोरीवकाम, बांधकाम, विणकाम निवांत पाहावे आणि घरी यावे, असे आमच्याकडे कधी घडले नव्हते. गेल्या हिवाळ्यात ते घडले. शहर होते औरंगाबाद. सरकारी नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे आणि तिकीट काढताना तेच शोधावे लागते. आमच्या दादीच्या तोंडी मात्र अजून औरंगाबादच आहे.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. लेखणी एकाच्या हातात असली तरी मजकूर दोघांचा आहे. घरात आणखी तिघे: पंचाहत्तरीची दादी, चित्रकला शिकणारी थोरली मुलगी आणि नववीतला धाकटा. सहल कशी झाली यापेक्षा ती कशी ठरवली ते आम्हाला आधी सांगायचे आहे, कारण आमची खरी परीक्षा तिथेच झाली.

अडचणी नेहमीच्याच. आमचे छोटे दुकान फक्त रविवारी बंद असते. पाच माणसांचा हॉटेलातला मुक्काम खिशाला झेपणारा नव्हता. त्यात दादीचे गुडघे. तेव्हा शनिवारी रात्री निघायचे, रविवार तिथे घालवायचा आणि सोमवारी सकाळी दुकानाचे शटर वर करायचे, एवढाच मार्ग होता.

वेळापत्रक समोर ठेवून बसलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. जनशताब्दी आणि वंदे भारत या दोन्ही वेगवान गाड्या मराठवाड्यातून सकाळी मुंबईकडे निघतात आणि मुंबईहून दुपारी सुटतात. त्या तिकडच्या माणसाच्या सोयीच्या आहेत. त्याचे मंत्रालयात काम असते, हायकोर्टात तारीख असते, मोठ्या दवाखान्यात दाखवायचे असते. मुंबईच्या माणसाला तिकडे एका दिवसाचे काम पडेल असे कोणी धरलेलेच नाही. तपोवन एक्सप्रेस सकाळी निघते खरी, पण पोहोचेपर्यंत दुपार होते आणि अर्धा दिवस हातचा जातो. उरली रात्रीची देवगिरी एक्सप्रेस. ती रात्री नऊनंतर सीएसएमटीहून सुटते, ठाणे-कल्याणला थांबते आणि पहाट व्हायच्या आत औरंगाबादला पोहोचवते. परतीलाही रात्री उशिरा तीच गाडी मिळते. घाटकोपरहून ठाण्यापर्यंत लोकल, पुढे देवगिरी. दोन्ही रात्रींचा मुक्काम गाडीतच, म्हणजे हॉटेलचा प्रश्न मिटला.

दादीला हे ऐकून नवल वाटले. तिचे वडील पूर्वी एकदा कामानिमित्त औरंगाबादला गेले होते. तेव्हा मुंबईची गाडी मनमाडपर्यंतच सोबत करी. तिथून पुढे निजामाच्या काळातली मीटरगेज. सामान डोक्यावर घ्यायचे, फलाट बदलायचा आणि छोट्या गाडीत शिरायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे असेच चालले होते. त्या प्रवासातून वडिलांनी तिच्या आईसाठी एक हिमरूची शाल आणली होती. ती शाल पुढे दादीच्या निकाहाच्या पेटीत आली आणि आजही आमच्या कपाटात आहे. "बिबीचा मकबरा बघितला आणि तुझी आठवण आली, असं बाबा आईला म्हणाले होते," हे वाक्य दादीकडून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते मुलांनाही पाठ आहे. दादीने स्वतः मकबरा कधी पाहिला नव्हता.

तिकिटे साठ दिवस आधी काढता येतात. खिडकी उघडली त्याच दिवशी आम्ही जायची-यायची मिळून दहा तिकिटे काढली. वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत २०२० सालच्या मार्चपासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना तो मिळतो. मात्र कोट्यातून एका तिकिटावर मोजक्याच माणसांना जागा मिळते, म्हणून दादीचे तिकीट आम्ही वेगळे काढले.

तिकिटे झाली आणि मग भांडण सुरू झाले.

थोरली म्हणाली, "वेरूळ नाही तर काहीच नाही. कैलास लेणं मी नुसतं फोटो बघून काढते आहे." दादी म्हणाली, "माझं एकच मागणं, मकबरा." आमच्यापैकी एकाला हिमरूचा माग चालताना बघायचा होता. दुसऱ्याने अजिंठ्याचे नाव काढले आणि सगळ्यांनी मिळून ते खोडले, कारण अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरवर आहे आणि जाण्या-येण्यातच दिवस संपला असता. नंतर दौलताबादचा किल्ला निघाला. तिथल्या पायऱ्या दादीला जमणार नाहीत आणि तिला खाली एकटीला बसवून वर जाणे आम्हाला पटेना. पैठण उलट्या दिशेला. खुलताबाद वाटेवरच आहे, पण तिथे थांबलो तर शहरातले काहीतरी सुटणार. हिशेब मांडता मांडता कागदावर बघायच्या ठिकाणांपेक्षा खोडलेल्या ठिकाणांची यादी मोठी झाली.

या सगळ्यात धाकटा गप्प होता. दोन दिवसांनी म्हणाला, "तुम्ही जा. माझी ट्युशन आहे." रविवारी कसली ट्युशन, असे विचारल्यावर उठून आत गेला. खरे कारण दादीने काढून घेतले. त्याने वर्गातल्या एका मित्राला सहलीचे सांगितले होते. मित्र हसून म्हणाला होता, "काय रे, कबर बघायला चाललास काय?" बाकीची मुलेही हसली होती. मित्र चांगला मुलगा आहे, आमच्याकडे येऊन शीरखुर्मा खाऊन जातो. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. टीव्हीवर ऐकले ते बोलला. पण धाकट्याच्या मनात ते रुतून बसले. त्याला वाटले, या शहराला जायचे म्हणजे एका बादशहाची बाजू घ्यायला जायचे, किंवा घेत नाही हे सगळ्यांना सांगत बसायचे. त्यापेक्षा घरी बसलेले बरे.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. मुलाला काय सांगावे? इतिहासाचे धडे द्यावेत, तर तो धड्यांनाच कंटाळला होता. सहल बदलून नाशिकला न्यावे, तर एका हसण्यापायी आपल्याच महाराष्ट्रातले एक शहर आपण मुलाच्या हातून काढून घेतल्यासारखे झाले असते, आणि पुढच्या वेळी दुसरे शहर गेले असते. शेवटी त्याला एवढेच म्हणालो, "बादशहांचा हिशेब बादशहांनी अल्लाहला द्यायचा आहे. तो तुझ्या दप्तरात कोणी टाकलेला नाही. आपण तिथे एकच गोष्ट विचारायला जाऊ. जे दिसेल ते कोणाच्या हातांनी केले? मित्राला तेवढे सांगता आले तरी पुष्कळ झाले."

मग घरात एक नियम ठरला. प्रत्येकाला एक ठिकाण. दुसऱ्याचे ठिकाण कितीही नावडते असले तरी तिथे सगळ्यांनी जायचे आणि तक्रार करायची नाही. दादीचा मकबरा. थोरलीचा कैलास, आणि चौतीस लेण्यांपैकी फक्त कैलासच. आमच्या दोघांपैकी एकाचा हिमरूचा माग. दुसऱ्याने मागितला एक रिकामा तास, ज्यात कुठेही जायचे नाही. मुले हसली, पण कागदावर तो तास लिहिला गेला. धाकट्याची जागा कोरी ठेवली. आठवडाभराने त्याने तिथे पेन्सिलीने लिहिले, 'पाणचक्की'. का, असे विचारल्यावर म्हणाला, "वीज नाही, पंप नाही, तरी पाणी वर चढतं असं लिहिलंय. ते खोटं असणार."

म्हणजे खोटे ठरवायला का होईना, तो येणार होता. आम्ही मनात अल्हम्दुलिल्लाह म्हणालो आणि जास्त काही बोललो नाही.

पुढची तयारी सोपी होती. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, आपला रविवार, म्हणजे प्रश्न नाही. दिवसभरासाठी एक मोटार आधीच ठरवली आणि कुठे कुठे न्यायचे, किती वेळ थांबायचे, पैसे किती, हे सगळे फोनवर पक्के केले. हिमरूच्या कारखान्यातही फोन केला, कारण रविवारी माग चालू असेलच असे नाही. दादीच्या गोळ्यांच्या दोन पुड्या केल्या, एक तिच्या बटव्यात आणि एक आमच्याकडे. आम्ही कोकणी, शाफई मसलकाचे. प्रवासात जोहर आणि असर कसर करून एकत्र पढण्याची सवलत आम्हाला आहे, त्यामुळे दुपारी एकदाच निवांत थांबायचे ठरले. खाण्यावरून मात्र पुन्हा वाद झाला. दादीला तांदळाच्या भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी न्यायची होती आणि डबाभर लोकांना वास येईल म्हणून मुले विरोधात होती. तडजोड म्हणून जवळ्याऐवजी अंड्यांचा खिमा गेला.

डिसेंबरातल्या त्या पहाटे औरंगाबादला उतरलो तेव्हा थंडी मुंबईकरांना न सोसणारी होती. फजरपर्यंत प्रतीक्षालयात बसलो. दादीने हिमरूची शाल बाहेर काढून अंगावर घेतली. ती बरोबर आणली आहे हे तोवर आम्हाला माहीत नव्हते.

उजाडताना मोटार वेरूळच्या वाटेला लागली. तीसेक किलोमीटर अंतर. मध्येच दौलताबादचा डोंगर धुक्यातून वर आला. गाडी न थांबवता आम्ही तो काचेतून पाहिला आणि पुढे गेलो. ठरवलेले पाळायचे तर असे काही सोडावेच लागते.

कैलास लेणे म्हणजे सोळावे लेणे. ते प्रवेशद्वारासमोरच आहे, त्यामुळे दादीला फार चालावे लागले नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे काम झाले असे मानतात. बांधकाम म्हणावे तर इथे दगडावर दगड ठेवलेलाच नाही. अखंड डोंगर वरून खाली कोरत आणला आहे, आधी कळस आणि शेवटी पाया. दीड ते दोन लाख टन दगड फोडून बाहेर काढला असावा असा अंदाज सांगतात. थोरली वही उघडून पायथ्याच्या हत्तींच्या रांगेसमोर बसली. हे हत्ती जणू सगळे मंदिर पाठीवर घेऊन उभे आहेत. दादी अंगणात सावलीला टेकली. बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "छिन्नीचा एक घाव चुकला असता तर परत जोडता आला नसता. किती सबर असेल त्या माणसांच्या हातात!"

धाकट्याने ठरल्याप्रमाणे विचारले, "कोणी केलं? नाव काय त्यांचं?" थोरलीने वाचून ठेवले होते. राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. त्यात म्हटले आहे की करणारा शिल्पी स्वतःच चकित झाला, हे माझ्या हातून घडले कसे, असे त्याला वाटले. पण त्याचे नाव काही त्या पटात नाही. राजाचे आहे. धाकट्याने वहीत लिहिले, 'कैलास – नाव नाही.'

थोरलीला दोन तास दिले होते. दोन तासांनी ती उठली, चित्र अर्धेच झाले होते. तक्रार तिने केली नाही, नियम तिचाही होता.

शहरात परत आलो आणि जुन्या वस्तीतल्या हिमरूच्या कारखान्यात गेलो. रविवार असल्याने एकच माग चालू होता. हिमरू म्हणजे सुती ताणा आणि रेशमी बाणा. श्रीमंतांच्या जरीच्या किनखापासारखे दिसणारे पण कमी खर्चाचे कापड. नावाचा अर्थच 'सारखे दिसणारे' असा सांगतात. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा हे विणकर दख्खनेत आले असे परंपरा मानते. बादशहा परत गेला, विणकर राहिले. त्याचाच भाऊबंद असलेले मशरू नावाचे कापड तिथे बघायला मिळाले. त्याची कथा आपल्या वाचकांना आवडेल. पुरुषांनी अंगाला रेशीम लावणे शरियतमध्ये मना, आणि रेशमाची हौस तर आहे. तेव्हा कारागिरांनी वरून रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत असे कापड विणले. मशरू म्हणजे 'शरियतने परवानगी दिलेले'. दादी म्हणाली, "बघा, विणकराला मसला पण माहीत होता."

मागावरचे विणकर साठीच्या पुढचे होते. दादीच्या अंगावरची शाल दिसताच त्यांचे हात थांबले. "बघू का?" असे विचारून त्यांनी शाल घेतली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे उलटी केली. नक्षीची बाजू आम्ही बघत होतो, ते पाठीमागचे मोकळे धागे बघत होते. त्या धाग्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "हाताचं काम आहे. घाई नाही केलेली." दोन ठिकाणी धागे उसवले होते. ते कसे बांधून घ्यायचे हे त्यांनी थोरलीला सुईने करून दाखवले. घरात पुढे कोण शिकले, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, मुले शिकली पण या धंद्यात आली नाहीत, आणि त्यात दुःख मानायचे नाही. मुलांचे पोट भरते आहे. मग म्हणाले, "फक्त मागाला वाईट वाटत असेल." धाकट्याने त्यांचे नाव विचारून वहीत लिहिले. ते आम्ही इथे छापत नाही, त्यांना विचारले नव्हते.

दुपारी नान-कलिया खाल्ला. तंदुरातला जाड नान आणि मसाल्याच्या रश्श्यातले मटण. औरंगाबादेत आलो आणि हे खाल्ले नाही तर आलो असे म्हणू नये. दादीने अर्धाच नान घेतला, पण कलिया दोनदा घेतला.

मग पाणचक्की. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात. बाबा मध्य आशियातून आलेले सूफी. त्यांच्या खानकाहमध्ये विद्यार्थी, फकीर, वाटसरू यांची कायम वर्दळ. एवढ्या माणसांना रोज भाकरी घालायची तर दळण हवे. म्हणून कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणले, उंचावर चढवले, तिथून खाली सोडले आणि त्या धारेवर जाते फिरवले. कोणाच्या मिरवणुकीसाठी हे यंत्र केलेले नाही, भुकेल्यांच्या पिठासाठी केले आहे.

धाकटा हौदाच्या कडेने दोन चकरा मारून आला. पाणी खरेच वरून पडत होते. तो काही बोलेना. शेवटी आमच्या ड्रायव्हरनेच त्याला समजावले. ते याच शहरातले. झरा डोंगराकडे उंचावर आहे. नळ बंद असल्याने पाणी मध्ये खाली उतरले तरी दुसऱ्या टोकाला जवळपास आपल्या मूळ उंचीइतके वर चढते. धाकट्याचे डोळे चमकले. "म्हणजे पाणी आपली पातळी शोधतं! हे आमच्या विज्ञानात आहे." त्याने पाण्याच्या बाटलीची नळी वाकवून तिथेच प्रयोग करून बघितला आणि थोरलीच्या वहीवर पाणी सांडले.

ड्रायव्हरने मग आणखी जुनी गोष्ट सांगितली. पाणचक्कीच्या कितीतरी वर्षे आधी मलिक अंबरने या शहरात नहर आणली होती. जुन्या शहराच्या पाण्याची घडी तिथून बसली आणि पुढे त्याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. मलिक अंबर जन्माने हबशी, इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला आणि हात बदलत दख्खनेत पोहोचला. तोच पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी नावाच्या या गावी शहर वसवले. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. १६२४ सालच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याचा मकबरा आहे.

"म्हणजे शहर एका गुलामाने वसवलं?" धाकट्याने विचारले. ड्रायव्हर म्हणाले, "गुलाम म्हणून आला. गेला तेव्हा शहराला पाणी देऊन गेला." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आम्हाला जे त्या रात्री नीट सांगता आले नव्हते ते या माणसाने दोन वाक्यांत सांगितले होते. सदका-ए-जारिया कशाला म्हणतात, हे मुलाला वेगळे शिकवायची आता गरज नव्हती. तिथेच सावलीत जोहर-असर पढलो.

चारच्या सुमारास दादीच्या मकबऱ्याला पोहोचलो. या इमारतीला लोक 'दख्खनचा ताज' म्हणतात आणि लगेच ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडतात. संगमरवर कमी, खर्च कमी. जुन्या तारीखनाम्यात ६ लाख ६८ हजारांच्या आसपास रुपये खर्च लिहिलेला आहे. ताजच्या मानाने तो फारच थोडा. खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, बाकी दख्खनचा काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. पण थोरली म्हणाली, "गिलाव्याकडे बघा ना. संगमरवर जयपूरकडून आणता येतो, हा हात कुठून आणणार?" जवळून बघितले तेव्हा आम्हालाही दिसले. वेल, फूल, जाळी, सगळे चुन्यात, आणि कडा अजून रेखीव.

ही इमारत दिलरस बानू बेगम यांच्या स्मरणार्थ आहे. बांधण्याचे श्रेय परंपरेने त्यांचा मुलगा आझमशाह याला देतात. दिलरस बानू १६५७ साली बाळंतपणानंतर वारल्या तेव्हा आझमशाह चार वर्षांचा होता. हे ऐकून दादी एकदम थांबली. "चार वर्षांचं पोर," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. ताज बायकोसाठी, हा आईसाठी, एवढे आजवर ऐकले होते. पण आई गेलेले चार वर्षांचे मूल त्यामागे आहे, हे आमच्याही मनात कधी आले नव्हते. दादीची आई ती सहा वर्षांची असताना गेली. शाल तेवढी राहिली.

धाकट्याला मुख्य दरवाजा दाखवायचा होता. पितळेचा पत्रा मढवलेला तो दरवाजा. त्यावर काम करणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत हे त्याने घरीच शोधून ठेवले होते, आम्हाला न सांगता. अताउल्लाह, वास्तू रचणारा. हंसपत राय, अभियंता. ताजमहालाचे मुख्य वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा अताउल्लाह हा मुलगा. फारसी अक्षर आम्हाला कोणाला नीट वाचता येईना, तरी धाकटा बराच वेळ दरवाजासमोर उभा होता. वहीत त्याने दोन्ही नावे एकाखाली एक लिहिली. दिवसभरातली ही पहिलीच नावे, जी करणाऱ्यांची होती आणि जुन्या काळापासून दारावर टिकली होती.

ठरल्याप्रमाणे पाचला निघायचे होते. दादी हौदाच्या कडेला बसली होती. म्हणाली, "थोडं थांबता येईल का?" कागदावरचा रिकामा तास अजून शिल्लक होता. तो आम्ही तिला दिला. ऊन उतरले, घुमटाचा रंग बदलत गेला, थंडी वाढली. तिने शाल डोक्यावरून घेतली आणि फातिहा पढली. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही. मगरिबची वेळ झाल्यावर ती स्वतःच उठली.

सोमवारी सकाळी दुकान वेळेवर उघडले. संध्याकाळी धाकटा शाळेतून आला. मित्राने विचारलेच होते, "बघितलीस का कबर?" धाकट्याने त्याला फळ्यावर झरा, नळ आणि चक्की काढून दाखवली आणि पाणी वर कसे चढले ते ओळखायला सांगितले. मित्राला आले नाही. वर्गात कोणालाच आले नाही. आता त्या मित्रालाही जायचे आहे. त्याच्या घरचे विचारत होते की गाडी कोणती, मोटार किती रुपयांत ठरली.

त्यांना आम्ही जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. हिवाळ्यात जा, मराठवाड्याचा उन्हाळा म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. रात्रीच्या गाडीने जा आणि रात्रीच्याच गाडीने परत या. साठ दिवस आधी तिकिटे काढा, म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ मागून घ्या. मंगळवार टाळा. जितकी ठिकाणे बघाविशी वाटतील त्यांतली निम्मी आधीच खोडा आणि उरलेल्यांत एक तास कोरा ठेवा. तो कोणाच्या उपयोगी पडेल हे त्या दिवशीच कळेल. घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला काय बघायचे आहे. आणि विचारताना सुरुवात त्याच्यापासून करा जो गप्प बसला आहे.